पाणी अडवा, पण जिरवू नका : स्कॉटलंडच्या पीटभूमीतले सहा दिवस

पहिला दिवस : इन्व्हरनेस ते मेल्विच

एडिंबरोचा किल्ला झाला, लॉख नेस झालं, राक्षस काही दिसला नाही. मग मनू म्हणाली, "बाबा, आता तुम्हाला चिखल दाखवते."

पोरगी बापाला ओळखून आहे. एकतीस वर्षं मी मृदसंधारण खात्यात काढली. माण-खटावचे कोरडे नाले आणि जावळीतले धो धो ओढे, दोन्ही पायाखाली घातलेत. किल्ल्यासमोर मी फोटोपुरता उभा राहतो; कुठे चर खणलेला दिसला की मात्र वाकून बघतो.

हा चिखल म्हणजे पीट. "कोकोपीटमधलं पीट?" हिने विचारलं. तेच. आपल्या नर्सऱ्यांत नारळाच्या शेंड्यांचा भुगा कोकोपीट म्हणून मिळतो, तो खऱ्या पीटच्या जागेवरचा बदली कामगार. खरं पीट म्हणजे पाण्यात बुडून राहिल्यामुळे धड न कुजलेला पाला, मुख्यतः शेवाळ. आत हवा पोचत नाही, पाणी गार आणि आंबट, त्यामुळे कुजवणाऱ्या जंतूंचं काम अर्धवट राहतं. दरवर्षीचा थर मागच्या वर्षीच्या थरावर बसतो. वर्षाला साधारण एक मिलिमीटर. स्कॉटलंडची पाचवा हिस्सा जमीन या पीटखाली आहे, आणि सगळ्यात मोठा सलग पट्टा अगदी उत्तर टोकाला, केथनेस आणि सदरलँड या भागांत. त्याला 'फ्लो कंट्री' म्हणतात. चारेक हजार चौरस किलोमीटर. त्यातल्या सुमारे १ लाख ८७ हजार हेक्टरांना जुलै २०२४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तोही आपल्या दिल्लीत. जागतिक वारसा समितीचं अधिवेशन त्या वर्षी तिथे भरलं होतं. आसामच्या मोइदमांची, म्हणजे आहोम राजांच्या समाधी-टेकड्यांची, बातमी आपल्या पेपरांत पहिल्या पानावर आली, त्याच बैठकीत या चिखलाचंही नाव यादीत चढलं. मला तेव्हा पत्ताही नव्हता.

गोल्स्पी गावाच्या डोक्यावर डोंगरमाथ्याला एक उंचच उंच पुतळा दिसतो, मैलोनमैल पाठ सोडत नाही. सदरलँडचे पहिले ड्यूक. "यांची ओळख परवा करून देते," मनू म्हणाली. हेल्म्सडेलला कांस्याचं एक कुटुंब उभं आहे. बाप्या पुढे बघतो आहे, मुलगा बापाकडे, आणि कडेवर मूल घेतलेली बाई मागे वळून ज्या दरीतून आली तिच्याकडे बघते आहे. ही बराच वेळ तिथे उभी राहिली. त्याच दरीत, किल्डोननच्या खोऱ्यात, आमचा रस्ता वळला. १८६९ मध्ये इथल्या ओढ्यांत सोनं सापडलं म्हणून झुंबड उडाली होती. वर्षभरात सगळं आटोपलं. अजूनही हौशी लोक थाळ्या घेऊन ओढ्यात उकिडवे बसलेले दिसतात.

रस्ता एका गाडीचा, मधूनमधून बाजू देण्यासाठी फुगवटे. समोरून लाकडाचा ट्रक आला आणि मनूने फुगवटा सोडून डावं चाक गवतात घातलं. गवत कसलं, पीटच ते. चाक बघता बघता अर्धं आत. काळ्या रानात पावसाळ्यात गाडी घालू नये हे मी तिला लहानपणापासून सांगत आलो आहे, पण ती वेळ बोलण्याची नव्हती. अर्ध्या तासाने पिकअपवाला एक मेंढपाळ आला, काही न विचारता दोर काढला, गाडी ओढली, दोराचा चिखल पायजम्याला पुसला आणि निघून गेला. आभारसुद्धा मागच्या दिव्यांनाच मानले.

मेल्विचला मुक्काम. रात्री अकरालाही बाहेर पेपर वाचता येईल इतका उजेड. घरमालकीण म्हणाली, २०१९ च्या मे महिन्यात समोरचं रान जवळपास आठवडाभर जळत होतं. ओलं रान जळतं कसं, हे मला त्या रात्री कळलं नाही.

दुसरा दिवस : फोर्सिनार्ड

फोर्सिनार्ड म्हणजे एक रेल्वे स्टेशन आणि मूठभर घरं. १८७४ पासून गाडी येते. स्टेशनच्या इमारतीत ब्रिटनच्या पक्षीसंस्थेचं, आर.एस.पी.बी.चं, माहिती केंद्र आहे. १९९५ पासून त्यांनी इथली जमीन विकत घ्यायला सुरुवात केली, आज २१ हजार हेक्टरांहून जास्त त्यांच्याकडे आहे.

तिथून फरसबंदी पायवाट रानात जाते. पहिली दहा मिनिटं खरं सांगतो, निराशा झाली. तपकिरी माळ, क्षितिजापर्यंत सपाट, झाड नाही, धोंडा नाही. आपल्याकडे सात-बारावर याची नोंद सरळ 'पोटखराबा' म्हणून झाली असती. मग वाकलो.

वाकल्यावर शेवाळ दिसतं. स्फॅग्नम. हिरवं म्हणावं तर लाल, लाल म्हणावं तर केशरी, मध्येच पोपटी गादी. बरोबरच्या वाटाड्या मुलीने परवानगी देऊन मूठभर उचलायला लावलं. पिळलं तर मनगटावरून पाणी कोपरापर्यंत गेलं, आणि हातात उरलं ते कापसाच्या बोळ्याएवढं. कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी हे धरून ठेवतं. पहिल्या महायुद्धात कापूस अपुरा पडला तेव्हा स्कॉटलंडच्या बायकापोरांनी रानोमाळ फिरून हेच शेवाळ गोळा केलं, वाळवून, निवडून पिशव्या शिवल्या आणि सैनिकांच्या जखमांवर बांधायला पाठवल्या. रक्त शोषायचं आणि आंबटपणामुळे जखम चिघळूही द्यायचं नाही.

मग तिने लोखंडी सळ्या काढल्या, एकीला एक जोडत जाण्याच्या. "तुम्ही दाबा," मला म्हणाली. एक मीटर गेली, जोर लागला नाही. दुसरी गेली. तिसरी, चौथी. साडेचार मीटरला खाली खट्ट झालं, तळाशी हिमनदीने टाकलेली रेताड माती. वर्षाला एक मिलिमीटर धरा आणि हिशोब करा. मी सळईचा वरचा दांडा धरला होता आणि तिचं खालचं टोक मोहेंजोदारोच्या काळात होतं. काही ठिकाणी ही सळई दहा मीटरपर्यंत जाते म्हणे.

मला मात्र वेगळाच प्रश्न छळत होता. इथे वर्षाला पाऊस पडतो हजार मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरला त्याच्या पाचपट पडतो. मग चिखल इथे का, तिथे का नाही? उत्तर वाटेतच सापडलं, कारण तेवढ्यात तिसऱ्यांदा भुरभुर सुरू झाली होती. आपल्याकडे चार महिन्यांत आभाळ फाटतं आणि आठ महिने ऊन सगळं शोषून घेतं. इथे बाराही महिने थोडं थोडं पडतं आणि ऊन असून नसल्यासारखं. पडलेलं उडत नाही, खाली खडक असल्याने मुरत नाही, उतार नाही म्हणून वाहतही नाही. झरा नको, नदी नको, हे रान नुसत्या पावसाच्या पाण्यावर उभं आहे. उंचसखल जमिनीवर गोधडी टाकावी तशी त्याची घडी पसरली आहे.

फरशीच्या कडेला हिने बोट दाखवलं. "अहो, हे कासचं नाही का?" लाल केसांच्या टोकांवर चिकट थेंब घेऊन रुपयाच्या नाण्याहून लहान पानं बसली होती. ड्रॉसेरा, आपली दवबिंदू. एका पानात चिलट अडकलेलं, अजून पाय हलवत होतं. कासच्या पठारावर हिची भावंडं आहेत, शेजारी सीतेची आसवं. आणि इथल्या काळ्या डबक्यांतही सीतेच्या आसवांच्या जातीची एक पाणवनस्पती तरंगते. जांभ्या खडकावरची चिमूटभर माती काय आणि हे आंबट पाणी काय, दोन्हीकडे नत्राची उपासमार. जमीन उपाशी ठेवते म्हणून झाडं मांसाहारी झाली.

वाटेच्या टोकाला लाकडी मनोरा आहे. वर चढलो आणि मघाचा तपकिरी माळ फुटला. शेकडो काळी तळी, एकमेकांत गुंतलेली, दोन पावलं रुंद नाहीतर टेनिसच्या मैदानाएवढी. गेलिक भाषेत 'दू लॉखन', काळी तळुली. त्यांत आकाश, मधल्या बांधांवर कापूसगवताचे पांढरे गोंडे. कुठूनतरी एकसुरी, उदास शीळ येत होती. सोनेरी प्लोव्हर पक्ष्याची. घालवून दिलेल्या माणसाने लांबून हाक मारावी तशी. आणि मध्येच चक्क कुकू. पावशाचा हा चुलत भाऊ इथेही दुसऱ्याच्याच घरट्यात अंडी घालतो.

मनोऱ्यावरून उत्तरेला एका चौकोनी, काळपट पट्ट्याकडे बोट करून वाटाडी म्हणाली, "आता तुमचं काम दाखवते."

१९८० च्या दशकात इथे झाडं लावायची टूम निघाली. लाकडाची गरज हे वरवरचं कारण. खरं कारण आयकर. झाडं लावण्याचा खर्च श्रीमंत माणसाला आपल्या उत्पन्नातून वजा करता यायचा आणि वर अनुदान. लंडनमध्ये राहणाऱ्या, हे रान कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या नामवंतांनी इथे हजारो एकर घेतले. नांगरांनी पीट उभं चिरलं, चर काढून पाणी बाहेर सोडलं आणि चरांच्या काठावर अमेरिकेतल्या सिटका स्प्रूस आणि लॉजपोल पाइनच्या ओळी लावल्या. झाडं वाढली ती रडतखडत. पण त्यांनी उरलंसुरलं पाणी शोषलं, त्यांच्या आडोशाला कावळे-कोल्हे आले आणि उघड्या माळावर अंडी घालणारे पक्षी शेजारचं चांगलं रानही सोडून गेले. आरडाओरडा झाला, १९८८ च्या अर्थसंकल्पात ती करसवलत रद्द झाली. झाडं उभीच राहिली.

आता ती तोडताहेत. झाडं तोडणारी पर्यावरणवाली मंडळी मी पहिल्यांदाच पाहिली! तोडलेलं रान जवळून बघितलं तर रणांगण. खुंट, फांद्या, काळा राडा. पण चरांपाशी गेलो आणि घरी आल्यासारखं वाटलं. दर काही मीटरांवर, यंत्राने तिथलंच ओलं पीट उचलून, दाबून, आडवे बांध घातलेले. बांधामागे पाणी तुंबलेलं. मी विचारलं, दोन बांधांतलं अंतर कशावर ठरवता? म्हणाली, उतारावर, वरच्या बांधाच्या पायथ्याला खालच्याचं पाणी टेकलं पाहिजे. मला हसू आलं. नाला बंडिंगच्या पहिल्या आठवड्यात आमच्या साहेबांनी हेच सांगितलं होतं.

मनूने तिला आमची घोषणा इंग्रजीत समजावली. पाणी अडवा, पाणी जिरवा. मुलगी विचारात पडली आणि म्हणाली, पहिलं बरोबर, दुसरं मात्र आमच्याकडे पाप. पाणी पृष्ठभागापासून बोटभर-वीतभर अंतरातच उभं राहिलं पाहिजे. ते खाली गेलं की पिटात हवा शिरते, हजारो वर्षं अर्धवट राहिलेलं कुजण्याचं काम पुन्हा सुरू होतं आणि साठलेला कार्बन वायू होऊन उडतो. या फ्लो कंट्रीत सुमारे ४० कोटी टन कार्बन आहे, ब्रिटनमधल्या सगळ्या जंगलांच्या दुपटीहून जास्त. सुकलेलं पीट हे मुळात जळणच. रात्रीच्या वणव्याचं उत्तर मला इथे मिळालं.

मी एका बांधामागे वाकलो. तुंबलेल्या पाण्यावर, काठाकाठाने, पोपटी शेवाळाचे तळहाताएवढे तुकडे पसरू लागले होते. आमच्याकडे बांध घातल्यावर विहिरीला पाणी आलं का, हे बघायला लोक दुसऱ्याच वर्षी यायचे. यांना शेवाळ बघायला माणूस पाठवावा लागतो.

तिसरा दिवस : स्ट्रॅथनेव्हर

कालचा माळ निर्मनुष्य वाटला होता. आज कळलं की शेजारची खोरी निर्मनुष्य केलेली आहेत.

नेव्हर नदीच्या खोऱ्यात रोझल नावाचं गाव होतं. गाडी लावून लावलेल्या जंगलातून वर चढायचं, मग अचानक झाडं संपतात आणि हिरव्या गवताचं मोठं मोकळं वर्तुळ समोर येतं. भोवतीचं रान तपकिरी आणि हे एवढंच हिरवं, कारण शेकडो वर्षं इथे शेण पडलं, राख पडली, जमीन कसली गेली. घरांचे पाये गुडघाभर उंच, वर शेवाळ. लांबट घर, एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं, मध्ये पाणी वाहून जायला गटार. १९६२ मध्ये इथे उत्खनन झालं तेव्हा घरं, कोठारं, धान्य वाळवायच्या भट्ट्या अशी सत्तरच्या आसपास बांधकामं मोजली गेली.

ही माणसं पिटावरच जगत होती. सरपण पिटाचं. भिंतींना दगडांवर पिटाच्या विटा. उन्हाळ्यात गुरं घेऊन बायकापोरं वर माळावरच्या झोपड्यांत जायची, तिथेच लोणी-चीज व्हायचं; आपल्या धनगरांचे वाडे आठवले. उजेडासाठी पिटाखाली गाडलेल्या, चार हजार वर्षं जुन्या पाइनच्या बुंध्यांच्या राळभरल्या ढलप्या पेटवायच्या. छपराचं लाकूडही बरंचसं त्याच बुंध्यांचं. झाडं नसलेल्या मुलखात छपराचा वासा म्हणजे घरातली सगळ्यात मोलाची वस्तू. माणूस घर सोडताना वासे बरोबर नेत असे.

म्हणून वासे जाळले. सदरलँडची इस्टेट तेव्हा गोल्स्पीच्या पुतळ्यातले गृहस्थ आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ यांची. कुळांच्या भाड्यापेक्षा चेव्हिएट जातीच्या मेंढ्यांचा पैसा जास्त होता. १८१४ मध्ये इस्टेटीचा कारभारी पॅट्रिक सेलर स्ट्रॅथनेव्हरमध्ये लोक काढायला आला. लोक परत येऊन राहू नयेत म्हणून छपरं पेटवली. अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी, मार्गारेट मकाय, जळत्या घरातून बाहेर काढली गेली आणि काही दिवसांत वारली. सेलरवर १८१६ मध्ये इन्व्हरनेसला खटला चालला. निर्दोष सुटला. रिकाम्या केलेल्या याच खोऱ्यात पुढे मोठा मेंढीमालकही तोच झाला. १८१९ मध्ये त्याहून मोठी जाळपोळ झाली आणि खोरं पुरतं रिकामं झालं.

कुठे घातली ही माणसं? खाली समुद्राच्या काठाला, खडकाळ तुकड्यांवर. शेतकऱ्यांना सांगितलं, मासे धरा. त्या वस्तीला नाव पडलं बेटीहिल, त्याच एलिझाबेथबाईंवरून. विस्थापितांच्या वसाहतीला धरणाच्या मंत्र्याचं नाव दिलं तर आपल्याकडे काय होईल? कोयनेची माणसं उठताना मी लहान होतो, पण वडिलांच्या तोंडून ऐकलंय. लोकांनी दाराच्या चौकटी उचलून नेल्या होत्या.

बेटीहिलला जुन्या चर्चमध्ये स्ट्रॅथनेव्हरचं संग्रहालय आहे. व्यासपीठ अजून जागच्या जागी. त्याच्यावरून पाद्रीबुवांनी लोकांना जागा सोडण्याच्या नोटिसा वाचून दाखवल्या. ही बाकावर बसली आणि व्यासपीठाकडे बघत म्हणाली, "देवळातच सांगितलं का हो?"

चौथा दिवस : समुद्र

सबंध दिवस प्रवास. लॉख नेव्हरच्या काठाने, आल्टनहॅरा, लेर्ग, दुपारी अलापूल. तिथून स्टॉर्नवेची बोट, पावणेतीन तास. हिने आवळासुपारी तोंडात धरून डोळे मिटले ते लुईस बेटालाच उघडले. मी डेकवर होतो. एवढंच.

पाचवा दिवस : लुईस

स्टॉर्नवेबाहेर आर्निशच्या माळावर १९६४ मध्ये पीट काढताना एक माणूस सापडला. मेलेला, अडीचशे वर्षांपूर्वी. आंबट पाण्याने त्याची लोकर टिकवली होती: विणलेली टोपी, कोट, पायमोजे, झोळीत लाकडी कंगवा आणि शिंगाचा चमचा. आसपासच्या गावांत आधीपासून गोष्ट सांगायचे की दोन विद्यार्थी पक्ष्यांची अंडी शोधायला गेले, भांडले, एकाने दुसऱ्याला दगड घातला आणि पुरून पळाला. हाच तो का, कोण सांगणार. कपडे आता एडिंबरोच्या संग्रहालयाकडे आहेत.

तिथून बार्वसचा माळ ओलांडून अर्नोल गावी गेलो. ४२ नंबरचं 'काळं घर' पुरातत्त्व खात्याने जसंच्या तसं ठेवलं आहे, १९६६ पर्यंत त्यात माणसं राहत होती. दारातून वाकून आत शिरलो आणि मी भिंत चाचपत राहिलो. डोळ्यांना काही दिसेना. धूर. घराला धुराडं नाहीच. जमिनीच्या मधोमध पिटाचा विस्तव, ज्वाळा नाही, नुसता लाल निखारा. वर आढ्याला टांगलेल्या साखळीवर किटली. धूर छपरातून वाट काढतो आणि जाताजाता गवताला काजळी देतो. ते काजळलेलं गवत काढून शेतात खत म्हणून घालायचे. रात्री निखारा राखेखाली झाकायचा, देवाचं नाव घ्यायचं, सकाळी पुन्हा उकरायचा. पिढ्यानपिढ्या विस्तव विझू दिला नाही अशी घरं होती.

ही बाकावर बसली आणि उठेचना. पाच मिनिटांनी म्हणाली, "आजीच्या परसातला वास आहे हो. शेणकुटाचा नाही, पण तसाच." पिटाचा धूर डोळ्यांना लागत नाही फारसा. मातीचा, ओल्या पानांचा, थोडासा गुळाच्या काहिलीचा. इथल्या काही व्हिस्कींना याच धुराचा वास असतो, हे माझ्या जिभेवर आलं होतं, पण हिच्यासमोर मला ते कसं ठाऊक हा पुढचा प्रश्न आला असता.

परतताना रस्त्याच्या कडेला एक म्हातारा आणि त्याची बायको पीट काढताना दिसले. मनूने गाडी थांबवली (या वेळी डांबरावर). प्रत्येक घराची कापणीची जागा ठरलेली असते, कुळाच्या हक्कातच ती येते, पैसे नाहीत. आधी वरचं गवताचं साल फावड्याने काढायचं, आणि ते फेकायचं नाही, मागच्या वर्षीच्या खड्ड्यात गवत वर ठेवून अंथरायचं, म्हणजे जमीन उघडी पडत नाही. मग तारशकेर. लांब दांड्याचं हत्यार, पाय ठेवायला खुंटी, खाली काटकोनात बसवलेलं पातं. पायाने दाबलं की विटेएवढा तुकडा सुटतो, खरवसाची वडी सुरीने सुटावी तसा, फक्त रंग काळा. सुटला की खाली उभ्या बायकोने तो हाताने धरून काठावर फेकायचा. दोघांचा ताल असा जमलेला की बोलायची गरज नव्हती. तुकडा हवेत असतानाच पुढचं पातं आत.

म्हाताऱ्याने मला हत्यार दिलं. पहिल्या घावाला अर्धा तुकडा आला. दुसऱ्याला आला तो आजीबाईंनी धरायच्या आत तिच्या बुटावर. मी माफी मागितली. ती हसली आणि गेलिकमध्ये नवऱ्याला काहीतरी म्हणाली. तो भाषांतर करायला तयार होईना.

काढलेला तुकडा ओला असतो, पाण्याचंच वजन. आठ-पंधरा दिवस पसरायचा, मग चार-पाच तुकडे एकमेकांना टेकवून उभे करायचे, वारा सगळीकडून लागला पाहिजे. महिन्या-दोन महिन्यांनी घरी. घराशेजारी जी रास रचतात ती आपल्या शेणींच्या हुडव्यासारखी, बाहेरचे तुकडे तिरके लावून, पाऊस आत न जाईल अशा बेताने. पूर्वी एका घराला वर्षाला पंधराएक हजार तुकडे लागायचे, सगळं गाव एकमेकांच्या कापणीला जायचं, आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे. आमची इर्जिक. आता तेलाची नाहीतर विजेची भट्टी, मुलं ग्लासगोला. २०२२ मध्ये विजेचे भाव भडकले तेव्हा काहींनी गंजलेली हत्यारं पुन्हा काढली, म्हातारा म्हणाला.

आणि कार्बन? मी विचारलंच. परवा फोर्सिनार्डला एक चमचा पीट सुकू नये म्हणून धडपडणारी मंडळी पाहिली होती. म्हातारा रागावला नाही. माळाकडे हात करून म्हणाला, इथे १८१ पवनचक्क्या उभारायच्या होत्या, रस्ते आणि पायासाठी किती पीट उकरलं असतं? पर्यावरणासाठीच म्हणत होते तेही. २००८ मध्ये सरकारनेच परवानगी नाकारली. मग खाली वाकला, तळातला एक छोटा, काळाकुट्ट, आधीच्या वर्षीचा सुकलेला तुकडा उचलून हिच्या हातात दिला. तळातलं पीट सगळ्यात काळं, सगळ्यात जड, कोळशासारखं तापतं. हिने तो रुमालात बांधला.

सहावा दिवस : कॅलनिश

रविवार. लुईसवर रविवारी बहुतेक दुकानं बंद, पीट कापणं बंद, जुन्या घरांत दोरीवर कपडेही वाळत घालत नाहीत. दगडांना मात्र सुट्टी नसते.

कॅलनिशचे उभे पाषाण पाच हजार वर्षांपूर्वी रोवले. तेरा दगडांचं वर्तुळ, मध्ये पुरुषाच्या अडीच-तीनपट उंच शिळा, चारी बाजूंना दगडांच्या ओळी. दगड नाइस नावाच्या खडकाचा, तीनेक अब्ज वर्षांचा, अंगावर लाटांसारख्या रेघा. लोकांनी जागा सोडली, हवा ओली झाली, आणि इसवी सनापूर्वी पहिल्या सहस्रकात इथे पीट चढू लागलं. दरवर्षी मिलिमीटरहूनही कमी. एकोणिसाव्या शतकापर्यंत दगड सुमारे दीड मीटर बुडाले होते. लोकांना फक्त वरचा भाग माहीत.

१८५७ मध्ये बेटाच्या मालकाने ते पीट काढून दगड मोकळे केले. मालकाचं नाव सर जेम्स मॅथेसन. फलकावर नाव वाचलं आणि डोक्यात काहीतरी खटकलं. मनूने मोबाइलवर बघितलं. जार्डिन मॅथेसन कंपनीतला मॅथेसन. चीनला अफू विकून गब्बर झालेला, त्याच पैशातून १८४४ मध्ये त्याने अख्खं लुईस बेट विकत घेतलं आणि स्टॉर्नवेला किल्ला बांधला. आणि त्या कंपनीची माळव्याची अफू जायची कुठून? मुंबईहून. मुंबईतला त्यांचा सगळ्यात मोठा भागीदार जमशेटजी जीजीभॉय.

ही म्हणाली, "जे.जे.वाले?" जे.जे.वालेच. हॉस्पिटलही त्यांचं आणि आर्ट स्कूलही. हिचा भाऊ त्या आर्ट स्कूलमधून शिकला. ते स्कूल सुरू झालं १८५७ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी एका भागीदाराच्या पैशाने मुंबईत पोरं चित्रं काढायला बसली, त्याच वर्षी दुसऱ्याच्या पैशाने इथे माणसं पीट उपसत होती. मॅथेसनला लोक दोन्ही बाजूंनी आठवतात. बटाट्याच्या दुष्काळात त्याने धान्य पुरवलं, त्याबद्दल सरकारने किताब दिला. आणि १८५१ ते १८५५ मध्ये त्याच्याच इस्टेटीने सतराशेच्या आसपास माणसं कॅनडाच्या जहाजांवर चढवली.

मी दगडांकडे जवळून बघत होतो. एका शिळेवर, माझ्या छातीच्या जरा खाली, रंग बदलल्यासारखा वाटला. खाली फिकट, वर करडं, दगडफुलाचं. पिटाची जुनी पातळी असेल, की माझा भास असेल. धरणाच्या भिंतीवर पाणी उतरल्यावर पट्टा उरतो तो बघायची सवय लागलेला माणूस मी. हात लावून बघितला. गार होता.

ॲबर्डीनला परतल्यावर रुमालातून तो तुकडा निघाला. विमानाने माती नेऊ देणार नाहीत, म्हणून तो मनूच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, तुळशीच्या कुंडीशेजारी राहिला. ही म्हणाली, "चुरून घाल की तुळशीत." मनू म्हणाली, "आई, आंबट असतं ते, तुळस मरेल." मग सिंकखालून मातीची पिशवी काढून तिने आईला दाखवली, इथे आता पीट घातलेली माती घ्यायला लोक बिचकतात, म्हणून ही बिनपीटची. मी चष्मा लावून पिशवीमागचं बारीक अक्षर वाचलं. नारळाच्या काथ्याचा भुगा.

"बघ," ही म्हणाली, "कोकोपीट."